गालातला वारा

लाम-पो, चांगह्वा
१६ नोव्हेंबर १९९७, रविवार

प्रिय आ-सू,

थोरल्या भावाचा आशीर्वाद. तू, आ-लान आणि दोघी पोरी काओश्युंगला खुशाल असाल. इकडे आम्ही ठीक आहोत. भाताचं दुसरं पीक घरात आलं. तुझ्या वहिनीचा गुडघा पाऊस येण्याआधी दुखतो आणि पाऊस गेल्यावरही दुखतो, त्यामुळे हवामानाचा काही पत्ता लागत नाही. देवळाला नवं छप्पर झालं. त्यावरचे ड्रॅगन इतके भडक रंगवलेत की देवीच डोळे चोळत असेल.

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. उलट!

अरे, काल सकाळी आ-म्वानने सनई वाजवली! अंगणात उभी राहून, डाव्या पायावर भार देऊन (उजव्या पायाचं पुढे सांगतो), एकच सूर, लांबलचक. बदकं फडफडत पळाली. शेजारची म्हातारी हातातली टोपली टाकून बाहेर आली, तिला वाटलं कुणाची तरी मयत निघाली. मी मोजत होतो. नाकाने श्वास घेत घेत तिने बावीस मोजेपर्यंत सूर धरून ठेवला. आ-सू, मी सहासष्ट वर्षांचा माणूस, वाळत घातलेल्या भातात फतकल मारून बसलो आणि रडलो. तुझी वहिनी म्हणते, "रडायचं तर बाजूला जाऊन रडा, भात ओला होईल."

आता तू म्हणशील, त्यात रडण्यासारखं काय? ती तर बारा वर्षांची असल्यापासून वाजवते. तर सुरुवातीपासून सांगतो.

तुला तिसरी मुलगी झाली तेव्हा तू तिचं नाव म्वान ठेवलंस. म्हणजे भरलं, आता पुरे. आम्हाला मूल नव्हतं म्हणून अकरा महिन्यांची असताना तिला आमच्या ओटीत घातलंस. हे तुला सांगायची काही गरज नाही, पण ते लिहिल्याशिवाय माझं पेन पुढे जात नाही. आपल्या वाजंत्री मंडळात बाईने सनईला हात लावायचा नाही ही रीत होती, ती मी तिच्यासाठी मोडली, तेही तुला माहीत आहे. पालखीपुढे ती वाजवायला लागली की शेजारच्या चार गावांचे वाजवणारे गप्प उभे राहतात. हे कदाचित तुला माहीत नसेल.

तिचा उजवा गाल खाली जबड्यापाशी जरा फुगीर दिसायचा, आठवत असेल. आपल्याकडे जुने लोक म्हणायचेच, खऱ्या वाजवणाऱ्याच्या गालात वारा बसतो. आपल्या वडिलांचे गाल म्हातारपणी दोन पिशव्यांसारखे लोंबत होते. आ-म्वानचा एकच गाल का फुगला, तर नगारा तिच्या उजव्या हाताला असतो, मान तिकडे कलते, म्हणून वारा तिकडेच बसला. असं सगळेच म्हणत. आणि दुखायचं नाही रे! सात वर्षांत एकदाही नाही. ताप नाही, रक्त नाही, पू नाही, जेवणखाण व्यवस्थित. दरवर्षी नखाएवढं वाढायचं. रोज बघणाऱ्याला ते काय दिसणार?

मग यंदा जानेवारीत एके सकाळी आम्ही पेज आणि शेंगदाणे खात होतो. तिच्या वाडग्यात टण् आवाज झाला. तुझी वहिनी म्हणाली, "तांदूळ नीट निवडत नाही मी, असंच म्हणा आता." आ-म्वानने चमच्याने वर काढलं आणि म्हणाली, "खडा नाही आई. दाढ आहे माझी." दाढ, मुळासकट! रक्ताचा थेंब नाही, दुखणं नाही. पोरगी ती हातात घेऊन शेंगदाण्यासारखी फिरवून बघत होती. शेजारची दाढही हलत होती.

बाजारपेठेतल्या नव्या दातवाल्याने एक्स-रे काढला. तो उजेडापुढे धरला, मग बायकोला आतून बोलावून तिलाही दाखवला, आणि ताइचुंगच्या मोठ्या इस्पितळाला चिठ्ठी लिहिली.

तिथे डॉक्टर फांग भेटल्या. तिशीच्या आतबाहेर, मुलासारखे कापलेले केस, बोलणं तोफेसारखं. पहिलाच प्रश्न, "सुपारी खाता?" आ-म्वान म्हणाली, "तोंडात दिवसभर सनई असते हो, सुपारी कुठे ठेवू?" डॉक्टर हसल्या आणि मग प्रश्नांची सरबत्ती. किती वर्षं? दुखतं? ओठाला मुंग्या येतात? दात सरकले? चावताना वरचे खालचे नीट जुळतात? अक्कलदाढ आली का? ती तर कधी आलीच नव्हती, आणि आम्ही म्हणायचो पोरीला अक्कल उपजतच आहे. मग त्यांनी गालावर बोट ठेवून हाड दाबलं. "हाड पातळ झालंय, अंड्याच्या टरफलासारखं दबतंय. आधी कुणी असं दाबून बघितलं होतं?" मी म्हटलं, "नाही." आता सगळ्यांची नावं कुठे सांगत बसायचं.

एक्स-रे मलाही दाखवला. आ-सू, तू जन्मभर लोकांच्या कवळ्या केल्यास, तुला बघितल्याबरोबर कळलं असतं. मला दिसला तो साबणाचा फेस. जबड्याच्या हाडात लहानमोठे बुडबुडे, आणि तळाशी ती न आलेली अक्कलदाढ आडवी होऊन पडलेली. डॉक्टर म्हणाल्या, दात घडवणारे जे कण असतात ते दात घडवून झाले की काम संपवून गप्प बसतात. कधी त्यातला एखादा उरलेला कण जागा होतो, दात बित काही करत नाही, नुसता वाढत सुटतो. त्या गाठीचं नाव अमेलोब्लास्टोमा. मी तीनदा लिहून घेतलं आणि तिन्ही वेळा वेगळं लिहिलं.

"कॅन्सर?" मी विचारलं. माझं मलाच ऐकू आलं नाही.

"नाही हो. पण सभ्यही नाही. दुखवत नाही आणि हाड खात जाते. नुसती खरवडली तर आता पुन्हा येईल, एवढी पसरली आहे." तुकडा काढून तपासला, तेच निघालं. उजव्या जबड्याचं बोटभर लांबीचं हाड, त्याच्या दोन्ही बाजूंचं थोडं चांगलं हाडही, सगळं काढायचं ठरलं. आणि त्या जागी काय बसवायचं? पायाचं हाड! पोटरीत एक बारीक हाड असतं, ते काढलं तरी माणूस चालतो, असं त्या म्हणाल्या. कधी ऐकलं होतंस?

वॉर्डात आमच्या शेजारी नऊ वर्षांची एक मुलगी होती. तिचा वरचा पुढचा दात पडून दोन वर्षं झाली, नवा येईचना. तिची आजी रोज रडायची. खालचा दात पडला तर छपरावर टाकायचा, वरचा पडला तर पलंगाखाली, आणि आजीनेच म्हणे चुकून वरचा छपरावर भिरकावला होता. डॉक्टर फांग म्हणाल्या, "आजी, छपराचा काही दोष नाही. वाटेत गाठोडं आहे." आणि आ-सू, त्या गाठोड्यातून काय निघालं असेल? दात! तांदळाच्या कण्यांएवढे, नीट टोकंबिकं असलेले सत्तावीस दात! तीही दात घडवणाऱ्यांचीच गाठ, पण शहाणी. तिला निदान दात करायचं आठवत होतं. काढली की संपलं, मागे अडकलेला दात आपोआप उतरेल. आजीने ते सत्तावीस दात बाटलीत घालून सगळ्या वॉर्डाला दाखवले. आ-म्वान म्हणाली, "आजी, दोनतीन मला उसने द्या, माझे कमी पडणार आहेत." सगळे हसले. मी बाहेर जाऊन आलो.

मार्चमध्ये ऑपरेशन झालं. अकरा तास. एक टोळी जबड्यावर, एक पायावर. तुला कळवायचं राहून गेलं.

पण वाचली! काढलेल्या हाडाच्या कडा तपासल्या, त्या स्वच्छ निघाल्या. दरवर्षी दाखवायला जायचं, दहा वर्षं तरी. तुझ्या वहिनीने जखम भरायला रोज माशाचं सूप पाजलं, इतकं की शेवटी पोरगी म्हणाली, "आई, आता मला खवले येतील." पाय थोडा ओढते. म्हणते, "हाड जबड्यात चालायला गेलं, पाय काय करणार बिचारा."

फक्त एक झालं. त्या हाडातून ओठाची शीर जाते, ती गेली. खालचा ओठ उजवीकडे बधिर. सूप हनुवटीवर ओघळलं तरी तिला कळायचं नाही. आठ महिने ती आरशापुढे बसून ओठ मिटायला शिकली. नुसता ओठ, मग कागदाची पुंगळी, मग सनईची पत्ती. एकदाही माझ्यापुढे रडली नाही. आणि काल तो सूर!

बावीसनंतर मात्र उजव्या बाजूने फुस्स करून वारा सुटला. नगारेवाला को-सिंग काका कट्ट्यावर बसून होता. म्हणाला, "पंक्चर झालेल्या सायकलवर देवी बसायची नाही, पोरी." ही म्हणाली, "पंप तुमच्याच तोंडात आहे काका, दिवसभर चालू असतो, मारा की थोडा इकडे." आणि आत जाऊन उकडलेलं रताळं घेऊन आली! त्याचा एक गोळा दात नाहीत तिथे ओठाआड बसवला आणि पुन्हा सनई तोंडाला लावली. आ-सू, सूर फुटला नाही. चाळीस मोजले मी! तोच जुना सूर, पालखीपुढचा! मग रताळं विरघळलं आणि तिने ते गिळून टाकलं.

म्हणजे कळलं ना तुला? ओठ मेलेला नाही. ओठाला मागून टेका नाही, एवढंच. डॉक्टर म्हणतात हाड छान धरलंय, आता तिथे काढता-घालता येणारे दात बसवता येतील. पण साधी कवळी चालणार नाही. ज्याला सनई माहीत आहे अशाने तिला वाजवायला लावून, दहा वेळा घासून, दहा वेळा बसवून करायला हवी. असा माणूस कुठे मिळणार, असं त्याच विचारत होत्या.

तिकडे काओश्युंगला कवळ्या करणारे पुष्कळ असतील म्हणा. असो. आ-लानला आणि पोरींना आशीर्वाद. थंडीत जप.

तुझा थोरला भाऊ,
थिअम-लाय


१९ नोव्हेंबर, बुधवार

आ-सू,

वरचं पत्र मी पाकिटात घालून चिकटवलंही होतं. आ-म्वानने ते फोडलं. वाफेवर धरून बिरून नाही, माझ्यासमोर टराटरा फाडलं. वाचलं आणि म्हणाली, "बाबा, एवढी पानं! त्यात बदकं आहेत, ड्रॅगन आहेत, आईचा गुडघा आहे. काकांनी नेमकं करायचं काय, ते कुठे आहे?"

"त्याला कळेल. तो काही बावळट नाही."

"तो बावळट नाही, पण हे पत्र बावळट आहे. 'पुष्कळ असतील म्हणा'? 'असो'? दात माझे करायचेत, इथे तुमची अब्रू कशाला मध्ये घातलीत?"

मी म्हटलं, मी थोरला आहे, थोरल्याने धाकट्याला विनवण्या करायची रीत नाही. ती म्हणाली, रीत तर बाईने सनई वाजवायचीही नव्हती.

मग तिने पत्रावर बोट ठेवलं. "'कळवायचं राहून गेलं.' राहून कसं गेलं? आणि डॉक्टरांना तुम्ही 'नाही' म्हणालात? आजोबांच्या तिसऱ्या वर्षश्राद्धाला काकांनी अंगठ्याने माझा जबडा दाबला होता. मी एकवीस वर्षांची होते, मला चांगलं आठवतंय. आणि तुम्ही ओरडलात." मग हळूच म्हणाली, "आणि त्यानंतर काकांनी कधी विचारलंही नाही माझं. दिलेली मुलगी ती दिलेली, असंच असेल त्यांचं."

आ-सू, मी तिथून उठलो. मंडळाच्या खोलीत गेलो. आपल्या वाद्यदेवाच्या मूर्तीमागे हात घातला आणि तुझं पत्र काढून आणलं. सहा वर्षांची धूळ आणि उदबत्तीची राख होती त्यावर. तिच्या हातात दिलं.

आता लिहितो. मध्ये थांबलो तर पुन्हा ड्रॅगनवर जाईन.

त्या दिवशी जेवणावळीत तू तिचा जबडा दाबलास आणि म्हणालास, "दादा, हा वारा नाही. हाड खालून पोकळ लागतंय. उद्याच एक्स-रे काढ." सगळं मंडळ जेवत बसलं होतं. त्याच लोकांना मी आधीच्या देवीच्या उत्सवात तिचा गाल हात लावून बघायला लावला होता. बघा, आमच्या पोरीच्या गालात कसा वारा बसलाय! देवळाच्या पत्रकावर तिचा फोटो मी मुद्दाम उजव्या बाजूने काढायला लावला होता. वरच्या पत्रात मी लिहिलं, सगळेच तसं म्हणत. सगळे म्हणत नव्हते. मी म्हणत होतो, आणि सगळे मान डोलवत होते. आणि तू चारचौघांत म्हणालास की तो वारा नाही. मी म्हटलं, "तू कवळ्या बसवणारा, डॉक्टर कधी झालास? या घरात बाप म्हणून एकच माणूस राहतो." तिची जन्मदाती आ-लान ताटावरून उठली. तू नाही उठलास, तू मला आणखी एकदा सांगितलंस. मग मी तुझी चप्पल अंगणात फेकली.

दहा दिवसांनी तुझं पत्र आलं, तिच्या नावावर. आत इस्पितळाची चिठ्ठी होती, तारीख घेतलेली, तपासणाऱ्याचं नाव लिहिलेलं. मी ते फोडलं. तिला द्यावं का, हे मला ठरवता येईना, म्हणून मी देवाला विचारलं. लाकडी चंद्रकोरी हातात घेतल्या आणि म्हटलं, देवा, हा वारा आहे ना? टाकल्या. दोन्ही पालथ्या. नाही. मी म्हटलं, मी नीट विचारलं नसेल. पुन्हा टाकल्या. पुन्हा दोन्ही पालथ्या. तिसऱ्यांदाही तेच. आ-सू, तीन वेळा देवाने मला तोंडावर सांगितलं. चौथ्यांदा एक उताणी, एक पालथी पडली, म्हणजे हो, आणि मी तेच उत्तर धरून बसलो. आ-म्वानला सांगितलं, "देवाला विचारलं, देव म्हणाला वारा आहे." तिने मान डोलावली. माझ्यापेक्षा तिचा देवावर विश्वास जास्त. तुझं पत्र मी देवाच्याच पाठीमागे सरकवलं.

आणि मार्चमध्ये कळवायचं राहून गेलं नव्हतं. मीच सगळ्यांना ताकीद दिली होती की काओश्युंगला एक अक्षर जाता कामा नये. तू आला असतास तर "मी सांगितलं होतं" असं म्हणाला असतास. किंवा म्हणाला नसतास, तेच मला जास्त बोचलं असतं. अकरा तास त्या बाकावर मी एकटा बसलो. माझ्या शेजारची जागा तुझी होती.

परवा मी डॉक्टर फांगना फोन केला. विचारलं, सहा वर्षांपूर्वी आणली असती तर? त्या म्हणाल्या, "गाठ तेव्हा लहान असणार. कदाचित ओठाची शीर वाचली असती. कदाचित नसतीही. तुम्ही आत्ता हे का विचारताय?" मी फोन ठेवला. मुळात फोनवर मला बोलता येत नाही, आवाज चढतो, म्हणून तर हे पत्र.

आता तिचं सांगतो. तुझं पत्र तिने उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. मग इस्पितळाच्या चिठ्ठीवरची तारीख बोटाने पुसली, जशी काही ती धूळ होती. सगळा दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढलं, बोलली नाही. तुझी वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली, "आपलेच दात आणि आपलेच ओठ, आता कुणाला सांगता?" आणि तीही बोलेनाशी झाली.

काल सकाळी आ-म्वान मंडळाच्या खोलीत गेली. मी दारातून बघत होतो. तिने त्या चंद्रकोरी उचलल्या. मला वाटलं, आता माझं काय करायचं ते देवाला विचारणार. मला आता देवाची खात्री नव्हती, तो माझ्यावर रागावलेला असणारच. पण तिने त्या फडक्याने पुसल्या, जागेवर ठेवल्या आणि देवाला म्हणाली, "तुम्हाला फार दमवलं यांनी. तीनदा सांगून ऐकलं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "देवाला काही विचारायचं नाही. काकांना विचारायचं. लिहा. सगळं लिहा. बावीस मोजेपर्यंत माझा सूर टिकला, तुमचं खरं बोलणं किती टिकतं ते बघू."

तर टिकवून लिहितो.

आ-सू, तिचे दात तू कर. दुसऱ्या कुणाला जमणार नाही. मला कितीही टाळायचं असलं तरी हे खरं आहे, आणि खरं म्हणजे पहिल्या पत्राच्या पहिल्या ओळीपासून मला एवढंच सांगायचं होतं. तू चौदा वर्षांचा होईपर्यंत सनई वाजवलीस, मग मी थोरला म्हणून सनई माझ्याकडे आली आणि तुझ्या हातात झांजा दिल्या. तू कधी कुरकुर केली नाहीस, शहरात निघून गेलास. पण पत्ती तोंडात कशी बसते, ओठ कुठे दाबतात, गाल कधी सोडायचा, हे तुझ्या तोंडाला ठाऊक आहे. गिऱ्हाइकाने घास चावून दाखवल्याशिवाय तू कवळी देत नाहीस, हे काओश्युंगहून येणारे लोक इथे सांगतात. इथे घास नाही, सूर चावून दाखवायचा आहे. प्लास्टर आण, मेण आण, तुझी ती घासायची यंत्रं आण. मंडळाची खोली मी रिकामी करून घेतली आहे. को-सिंग काकाने दिवा ओढून टेबलावर आणला आणि म्हणाला, "ये म्हणावं, यावेळी चप्पल मी सांभाळतो."

तुला वाटेल, दातांसाठी मी गोड बोलतोय. हो, बोलतोय! तिच्या सुरासाठी मी तुझ्या दारात येऊन गुडघे टेकेन. पण दातांचं काम नसतं तरी हे लिहायला हवं होतं, सहा वर्षांपूर्वी, त्या चौथ्या फेकीआधी. तू बरोबर होतास. मी चूक होतो. तिचा ओठ माझ्यामुळे गेला. हे मी तिलाही सांगितलं. ती म्हणाली, "गाठ तुमच्यामुळे नाही आली बाबा. पण बाकीचं खरं आहे." माफ केलं असं काही म्हणाली नाही. मी विचारलंही नाही.

पण आ-सू, आज दुपारी तिने पुन्हा वाजवलं! रताळ्याशिवाय, एकोणतीस! चार दिवसांत सात वाढले! ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, डोळे गच्च मिटले होते आणि नाकपुड्या घोड्यासारख्या फुललेल्या. एकोणतिसाव्याला सूर फाटला, तशी आरशात बघून स्वतःलाच म्हणाली, "थांब, दात येऊ दे." लहान पोरं म्हणतात तसं. तू एकदा आलास ना, की चाळीस नाही, शंभर मोजेल ती. येत्या देवीच्या उत्सवात पालखीपुढे कोण उभं राहणार हे मंडळात कुणी विचारतही नाही, सगळ्यांनी मनात ठरवून टाकलंय. मी एकटा घाबरतो, म्हणून तुला घाई करतोय.

आ-लानला सांग, मी स्टेशनवर स्वतः येईन. को-सिंगला पाठवणार नाही. तिच्या पुढे मान खाली घालून उभा राहीन, तिला हवं ते बोलून घेऊ दे, बरोबर दोन्ही पोरींनाही आण, त्यांनाही बोलू दे. बहिणी इतक्या वर्षांनी भेटतील.

एक राहिलं. पत्र मिटायला घेतलं तेव्हा आ-म्वानने विचारलं, "काका आले की त्यांना काय म्हणू?"

मी म्हटलं, "बाबा म्हण."

"आणि तुम्हाला?"

"मलाही."

"मी हाक मारली आणि दोघं एकदम वळलात तर?"

"वळू दे की," मी म्हटलं. "दोघांनीही वळायला हवं."

ये. लवकर ये.

तिच्या दोन बापांपैकी थोरला,
थिअम-लाय